आरती अर्धा सूर वर चढवून टाकावी लागली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आजकालची रील बनवणारी पोरं दुसऱ्यांची गाणी कशी ढापतात यावर गेल्या रविवारच्या पुरवणीत मोठा लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा दुपारी हॉलवर नवरीची गाडी यायची वाट बघत बसलो होतो तेव्हा. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, २२ वर्षं झाली, टेपवाल्या कॅमेऱ्यापासून सुरू केलं आता ड्रोन उडवतो, त्यामुळे कॉपीराइट हा माझ्यासाठी पुरवणीत वाचायचा विषय नाही, रोजच्या धंद्याचा आहे. लेखात चुकीचं काही नव्हतं पण अर्धंच होतं. दुसऱ्याचं उचलणारे कोण ते सांगितलं, पण देवळाबाहेर ठेवलेली कोणाचीही चप्पल माझीच म्हणून पायात घालून जाणारे जे आहेत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तिथे कापा, फक्त शेवटची फोटोची गोष्ट कापू नका.

आमचं घर भांडुप पश्चिमेला, गाव सिंधुदुर्गात. बाबा भजनी बुवा. वय ७४, ८२ च्या संपाआधी लालबागला गिरणीत होते, संपानंतर मिळेल ते काम केलं पण शनिवारचं भजन चुकवलं नाही. मागच्या गणपतीत घरच्या आरतीचा व्हिडिओ मी आमच्या मंडळाच्या चॅनलवर टाकला. सुखकर्ता दुःखहर्ता, चार मिनिटं, एडिटिंग वगैरे काही नाही. पेटी बाबांची, काळी एक पट्टीमध्ये, पखवाजावर शेजारचे काका, झांजा पोरांच्या हातात त्यामुळे लय जरा इकडेतिकडे, आणि मागे आईचा आवाज, जो दर कडव्याला सगळ्यांच्या आधी ‘जय देव’वर पोचतो. तासाभरात मेल आला. तुमच्या व्हिडिओत १ मिनिट ७ सेकंदांपासून ३ मिनिटं ४० सेकंदांपर्यंत अमुक कंपनीच्या मालकीचं रेकॉर्डिंग सापडलंय, व्हिडिओ राहू दे पण त्यावर जाहिरात लागली तर पैसे त्यांचे. कंपनीचं आणि साइटचं नाव लिहीत नाही, एकाचं नाव घेतलं तर बाकीचे साव ठरतील. बाबा पेटी पुसत होते, त्यांना मेल वाचून दाखवला. म्हणाले, समर्थ तर ब्रह्मचारी, मग हा वारस कुठनं उपटला?

आता हे नेमकं कसं होतं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं तिकडे कोणी माणूस बसून व्हिडिओ बघतो आणि ठरवतो. माणूस नसतोच. कंपनी आपली रेकॉर्डिंग साइटला देते, साइटचं मशीन त्या आवाजाचा ठसा काढून ठेवतं, जसा आधारला आपला अंगठा, आणि मग जगात जो कोणी जे काही अपलोड करेल त्याचा ठसा काढून जुळवत बसतं. आमची चाल तीच, ठेका तोच, शब्द तेच, योगायोगाने पट्टीही तीच, जुळला ठसा. कंपनीने कोणा गायकाकडून ही आरती गाऊन घेतली असेल तर त्या रेकॉर्डिंगवर तिचा हक्क आहेच, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं आहे, आपल्या कायद्यातच लिहिलंय, त्याबद्दल भांडण नाही. पण हक्क त्या रेकॉर्डिंगवर, आरतीवर नाही. आरती साडेतीनशे वर्षांची आहे. मशीनला हा फरक कळत नाही आणि कंपनीला कळून घ्यायची गरज पडत नाही, कारण चुकलं तरी तिच्या खिशातून काय जातंय?

मी हरकत घेतली. महिन्याभराने उत्तर आलं, क्लेम, म्हणजे कंपनीने सांगितलेला हक्क, कायम. कारण काही दिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे ही हरकत जाते कोणाकडे तर ज्याने क्लेम लावला त्याच्याकडेच, म्हणजे खिसा कापणाऱ्यालाच जाऊन विचारायचं की बाबा रे तू कापलास का. पुढची पायरी अपिलाची होती पण तिथे आधीच इशारा लिहिलेला, अपील फेटाळलं गेलं तर स्ट्राइक, म्हणजे चॅनलवर ठपका, बसू शकतो, आणि तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद, त्यावर असेल नसेल ते सगळं गेलं. फोन करावा तर नंबर नाही. रेशनिंग ऑफिसात निदान खिडकी तरी असते, पलीकडे माणूस जेवायला गेला असला तरी खिडकी असते.

मी का घाबरलो ते त्या चॅनलवर काय आहे हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. डबलबारी तुमच्या वाचकांपैकी कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर, आणि रात्रभर एकमेकांना सवालजवाब, रूपाचा अभंग होतो, गवळण होते आणि गजराला पब्लिक अक्षरशः उठून नाचतं. बाबांच्या आणि त्यांच्या गुरुबंधूंच्या अशा बाऱ्यांच्या ४३ कॅसेट आमच्या माळ्यावर होत्या, परळच्या दामोदर हॉलमधल्या, चाळीतल्या सत्यनारायणाच्या, गावच्या जत्रेतल्या. काहींना बुरशी आलेली, काहींची टेप आत गुंडाळलेली, मी दोन पावसाळे बसून पेन्सिल घालून एकेक फिरवून, हेड स्पिरिटने पुसून पुसून त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. प्रत्येकीच्या कागदावर बाबांच्या अक्षरात तारीख आणि शेरा, ‘गजर चांगला, पखवाज मागे पडला’. त्यातले तीन बुवा आता नाहीत. त्यांच्या घरच्यांकडे त्यांच्या आवाजाची दुसरी कॉपी नाही. एका आरतीसाठी हे सगळं पणाला कोण लावेल? मी अपील केलं नाही.

मग पोरगी म्हणाली, पप्पा, व्हिडिओ काढ आणि आरती अर्धा सूर वर चढवून परत टाक, स्पीड पण किंचित वाढव, सगळे असंच करतात, मशीनला पकडता येत नाही. केलं तसं. काळी एकची आरती पांढरी दोनची झाली, बाबांचा आवाज मिसरूड फुटलेल्या पोरासारखा, आईचा तर विचारूच नका. क्लेम आला नाही. म्हणजे जी आरती आम्ही दरवर्षी दार सताड उघडं टाकून म्हणतो ती नेटवर टाकताना चोरीच्या बाईकची नंबरप्लेट बदलतात तशी बदलून टाकावी लागली. बाबांनी ती एकदाच ऐकली. हा मी नाही, म्हणाले, आणि टीव्ही लावला.

तेव्हापासून मी कायदा वाचायला लागलो. वकील नाही, पण एका वकिलाच्या मुलीचं लग्न केलं होतं, म्हणजे शूटिंग, त्यांना फोन करून करून त्यांचं डोकं खाल्लं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि खरं सांगतो, तो लिहिणाऱ्या लोकांनी आपल्याकडची माणसं बघितलेली होती असं वाटतं. कलम ५२ मध्ये कशाकशाला परवानगी लागत नाही त्याची भलीमोठी यादी आहे. त्यात आहे की हौशी मंडळाने फुकट ऐकायला आलेल्या लोकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गाणं, नाटक सादर केलं तर तो भंग नाही. म्हणजे आमची भजनी मंडळंच की ही! धार्मिक समारंभात वाजवलं तर नाही, आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर कार्यक्रमही धरलेत, तसं चक्क लिहिलंय. तरी हॉलवर लायसन्सचा कागद मागणारे उभे राहतात, मुलीचा बाप आधीच टेन्शनमध्ये, तो देऊन टाकतो पैसे. केंद्र सरकारच्या उद्योग खात्याला २४ जुलै २०२३ ला जाहीर नोटीस काढून सांगावं लागलं की लग्नातल्या गाण्यांसाठी असे पैसे मागू नका.

पण ही सगळी सूट समोर बसलेल्या माणसांसाठी आहे. कॅमेरा चालू झाला आणि तेच नेटवर चढलं की गोष्ट बदलते, मग ती सूट पुरत नाही. देवळात बसून गायलं तर कायदा आपल्या बाजूने, तेच गावच्या पुतण्याला मुंबईहून बघता यावं म्हणून चढवलं की आपण मशीनच्या ताब्यात. आणि गाव तर आता अर्धं मोबाइलमध्येच आहे साहेब, जत्रेला जाणारे किती आणि लाइव्ह बघणारे किती.

नेटसाठीही आपल्या कायद्यात तरतूद आहे बरं का. २०१२ च्या दुरुस्तीत आणि मग २०१३ च्या नियमांत असं आहे की कोणी लेखी तक्रार दिली तर साइटने ३६ तासांत ती गोष्ट थांबवायची, पण तक्रार करणाऱ्याने २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ती परत चालू करता येते. म्हणजे ओझं कोणावर, तर जो म्हणतो माझं आहे त्याच्यावर, जा आणि सिद्ध कर. पण ठसा जुळवणाऱ्या मशीनचा क्लेम या रस्त्याने येतच नाही, तो साइटचा आणि कंपनीचा आपसातला मामला, आपण अकाउंट उघडताना खाली न वाचता ‘मान्य’ केलेल्या चाळीस पानांतला. तिथे सगळं उलटं, सिद्ध आपण करायचं. पोकळ धमक्या देणाऱ्यावर कलम ६० खाली आपणच कोर्टात जाऊ शकतो, वकील साहेबांनी दाखवलं, दाखवून हसले पण. भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं आत आणि ५० हजार ते २ लाख दंड, कलम ६३. आणि आरतीवर खोटा क्लेम लावला तर? फार तर क्लेम उठतो. पाकीट परत मिळालं ना, मग गप बस, तसं.

आता माझ्या पायाखालचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकतो. मी लग्नाच्या हायलाइटखाली सिनेमातली गाणी वर्षानुवर्षं लावलीत, न विचारता. त्यातले कित्येक व्हिडिओ नंतर मुके झाले, नवरा नवरीकडे बघून काहीतरी बोलतोय आणि आवाजच नाही. ते क्लेम बरोबर होते. मी ग्राहकाकडून लाखभर रुपये घेतले आणि गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला काही दिलं नाही, यात माझी बाजू मांडण्यासारखं काही नाही. आता लायसन्सचं संगीत विकत घेतो नाहीतर सनईवाल्याचं लाइव्हच रेकॉर्ड करतो, त्याला वेगळे पैसे देऊन. आणखी एक, जे माझ्याच धंद्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही, आपण काढलेला लग्नाचा फोटो आणि व्हिडिओ आपला नसतो. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे त्याचा पहिला मालक पैसे देणारा. मी वर्षभर एका नवरीचा क्लोजअप माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापून वाटला. तिने हाक मारून सांगितलं, दादा, विचारायचं तरी होतं. तेव्हापासून कागदावर सही घेतो.

चालीचं मात्र मला कोणी सांगू नये, कारण दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवणं हे मराठी माणसाने मोबाइल आल्यावर शिकलेलं नाही. १८८० च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून बघा, पदं लोकांना माहीत असलेल्या चालींवर, आणि छापील नाटकात पदाच्या डोक्यावर स्पष्ट लिहिलेलं, ‘चाल : अमुक’. ही ओळ मला फार आवडते. घेतलं पण कुठून घेतलं ते सांगितलं. भीमगीतांमध्ये, शाहिरीत, लोकलमधल्या भजनी डब्यात, आमच्या गजरात तर सिनेमाची चाल कधी येते आणि विठ्ठल कधी येतो कळत नाही, बुवा मुखडा उचलतो आणि अख्खं पब्लिक हसतं कारण मूळ गाणं सगळ्यांना पाठ असतं, मजाच त्याच्यात आहे. विडंबनाचं तेच. अत्र्यांनी केशवकुमार नावाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढली ती त्या वेळच्या कवींच्या कविता समोर ठेवूनच, मूळ कविता ओळखू आली नाही तर विडंबन कसलं? केरळ हायकोर्टाने १९९६ साली असाच एक खटला बघितला होता, गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून कोणी मूळ नाटकातलेच प्रसंग आणि पात्रं घेऊन प्रतिनाटक लिहिलं, त्यावरची बंदी कोर्टाने उठवली. न्यायाधीशाने दोन्ही नाटकं वाचून, किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ नाटकाच्या पोटावर पाय येतो का हे बघितलं. मशीनला हे तीन प्रश्न विचारून बघा.

याचा अर्थ घ्या आणि पळा असाही नाही. २००० च्या आसपास रिमिक्सचा जो पूर आला होता तो आठवतो का, जुन्या गाण्याला धबधब धबधब बीट आणि वर व्हिडिओत नको ते, लताबाई किती चिडल्या होत्या. तेव्हा कायद्यात गाणं येऊन दोन वर्षं झाली की ठरावीक रॉयल्टी भरून आपलं व्हर्जन काढायची सोय होती, २०१२ नंतर ती पाच वर्षांवर गेली आणि मूळ गाण्यात मनमानी बदल करायला मनाई आली. त्याच दुरुस्तीत गीतकार संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला, तो लिहून घेऊन सोडवता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. त्याआधी निर्माता सही घ्यायचा आणि विषय संपायचा, गाणं पन्नास वर्षं वाजतंय आणि लिहिणाऱ्याच्या घरी काही नाही अशा गोष्टी या मुंबईत कमी नाहीत. म्हणून जेव्हा कोणी पोरगा मला सांगतो की कॉपीराइट म्हणजे सगळा कंपन्यांचा डाव, तेव्हा मी त्याला सांगतो गप रे. आणि आता तर मेलेल्या जिवंत कोणाचाही आवाज कॉम्प्युटर काढतो, अरिजित सिंगला जुलै २०२४ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टात जाऊन स्वतःच्या आवाजासाठी मनाई आणावी लागली. माळ्यावरच्या कॅसेटींमधल्या त्या तीन बुवांसाठी कोण जाणार कोर्टात हा विचार मला रात्री येतो, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

दुसरीकडे काय करतात? कॅनडाने २०१२ मध्येच कायद्यात लिहून टाकलं की साध्या माणसाने धंद्यासाठी नाही तर हौसेसाठी दुसऱ्याचं घेऊन त्यातून नवं काही केलं आणि टाकलं तर चालेल, अटी आहेत, शक्य असेल तिथे मूळ कोणाचं ते सांगायचं आणि मूळ मालकाचं मोठं नुकसान व्हायला नको. म्हणजे आपली ‘चाल : अमुक’वाली ओळच की, कायद्यात घातलेली. युरोपने २०१९ ला साइटवर जबाबदारी टाकताना हेही घातलं की विडंबन, टीका, उद्धरण वाचलं पाहिजे आणि तक्रार आली तर काढून टाकायचा निर्णय माणसाने बघितला पाहिजे. माणसाने. मला एवढंच पाहिजे होतं भाऊ, एका माणसाने चार मिनिटं आरती ऐकली असती तर आईच्या त्या आधीच पोचणाऱ्या ‘जय देव’वरूनच कळलं असतं की हे कुठल्या स्टुडिओतलं नाही. अमेरिकेत तर एका आईने आपलं बाळ नाचतंय असा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे प्रिन्स नावाच्या गायकाचं गाणं वाजत होतं, कंपनीने तो काढायला लावला, ती बाई २००७ पासून भांडली आणि २०१५ ला अपील कोर्टाने सांगितलं की काढा म्हणायच्या आधी तो वापर रास्त आहे का याचा विचार केलाच पाहिजे. आठ वर्षं. बाळ तोपर्यंत शाळेत जायला लागलं असेल. आणि ‘हॅपी बर्थडे’वर तर वर्षानुवर्षं पैसे घेतले गेले, शेवटी २०१५ ला कोर्टाने हक्क नाही म्हटलं आणि १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. खोटा हक्क सांगण्याची किंमत मोजावी लागलेलं मला माहीत असलेलं हे एक ठळक उदाहरण, आणि ते पण केकवरच्या गाण्याचं.

आपल्याकडे सरकारने काय करावं ते मी कोण सांगणार. पण एक सोपी गोष्ट आहे. कॉपीराइट संपलेल्या मराठी गोष्टींची सरकारी यादी पाहिजे, आरत्या, अभंग, ओव्या, गवळणी, लेखक गेल्याला ६० वर्षं होऊन गेलेली पुस्तकं, सगळं, आणि त्या यादीतल्या रचनेवर नुसत्या चालीच्या जुळणीने क्लेम लागता कामा नये, लावला तर लावणाऱ्याला दंड. यादी करणं कठीण नाही. साने गुरुजी १९५० ला गेले म्हणून ‘श्यामची आई’ २०११ च्या १ जानेवारीपासून सगळ्यांची झाली. बाबासाहेबांनी त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं २०१७ पासून. बहिणाबाईंचं वेगळं, त्या १९५१ ला गेल्या पण पुस्तक १९५२ ला आलं, म्हणून हिशोब पुस्तकापासून, २०१३ पासून मोकळं, अर्थात सिनेमात त्यांना लावलेल्या चाली वेगळ्या, त्या ज्यांच्या त्यांच्या. अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघंही १९६९ चे, त्यांना १ जानेवारी २०३० पर्यंत थांबावं लागेल. हे मला बोटांवर मोजता येतं तर त्या एवढ्या हुशार मशीनला का येऊ नये. मराठी विकिस्रोतावर लोक रात्री जागून अशी जुनी पुस्तकं टाइप करतायत, फुकट, त्यांना विचारलं तर आठवड्यात यादी देतील.

आणि चॅनल आपलं आहे या भ्रमात पण राहू नका कोणी. मी होतो. माझं चॅनल, माझे सबस्क्रायबर. कसलं माझं? लालबागला आमची खोली पागडीची होती, मालकाशी बाबांचं रोजचं भांडण, पण त्याला आम्हाला उठवता आलं नाही कारण भाडेकरूच्या मागे कायदा होता. इथे कायदा नाही, करार नाही म्हटला तरी चालेल, ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स पण यापेक्षा बरं, निदान महिन्याची नोटीस तरी मिळते. त्या ४३ कॅसेट मी आता दोन हार्डडिस्कवर ठेवल्यात, एक घरी, एक गावी चुलत भावाकडे, डब्यात तांदूळ घालून, दमट हवेमुळे.

आता शेवटचं, ज्यासाठी वर विनंती केली. नाव न लिहिण्याची सवय फक्त रीलवाल्यांना आहे का? व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी जी कविता येते तिच्याखाली कवीचं नाव काढून पु.ल. नाहीतर व.पु. लिहिलेलं असतं, म्हणजे एकाचं नाव चोरायचं आणि दुसऱ्याच्या माथी न लिहिलेलं मारायचं, कलम ५७ मधला लेखकाच्या नावाचा हक्क धाब्यावर. आणि तुमच्या पेपरात? ‘सोशल मीडिया’ नावाचा एक छायाचित्रकार आहे तुमच्याकडे, फार कष्टाळू माणूस, एकाच दिवशी कुर्ला, हिंदमाता आणि अंधेरी सबवेत गुडघाभर पाण्यात उभा असतो. जुलैतल्या त्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी पान ३ वर पाण्यात अडकलेल्या बसचा फोटो होता, खिडकीतून एक म्हातारी छत्री बाहेर काढून पाण्याची खोली मोजतेय, तोच, सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता. ‘छाया : सोशल मीडिया’. तो माझ्या भाचीने काढलाय, बारावीला आहे, त्या बसच्या मागच्या दुसऱ्या बसच्या दारात लोंबकळून, मोबाइल दातात धरून चढली होती. ओरिजिनल फाइल, वेळेसकट, या पत्राबरोबर जोडलीय. तिला पैसे नकोत. तिचं नाव आणि कॉलेज मेलमध्ये वेगळं कळवलंय, ते छापा, आणि नावातला ‘ळ’ तेवढा ‘ल’ करू नका, त्याच्यावरून तिची शाळेपासून भांडणं आहेत.

आपला,
एक लग्नाचा व्हिडिओवाला,
भांडुप (पश्चिम), मुंबई